घरचे ऑनलाइन दुकान : पान सुधारण्याची अवजारे



एरवी या सदरात आपण बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, ठिबकाची देखभाल असे विषय घेतो. या वेळचा विषय थोडा बाहेरचा वाटेल, पण कार्यक्षेत्रात फिरताना तो दर दुसऱ्या-तिसऱ्या घरी निघतो. कुणाची सून हळद पावडर करते, कुणाचा मुलगा लाकडी घाण्याचे तेल काढतो, कुणाच्या बचत गटाची शेंगदाणा चटणी आहे, कुणाची काकवी आहे. माल चांगला असतो. पदरचे पैसे घालून वेबसाइट केलेली असते. आणि गिऱ्हाईक मात्र येत नाही, किंवा येते आणि काही न घेता निघून जाते.

(काकवीचे नाव काढल्याबरोबर शेतकी खात्याच्या भुवया वर जातील, म्हणून आधीच सांगून टाकतो. नोंदीचा ऊस गव्हाणीतच पडला पाहिजे. काकवी-गुळाचा विचार त्यापलीकडच्या उसापुरताच.)

गेल्या वर्षी एका सभासदांच्या ओसरीवर याच कारणाने चार-पाच संध्याकाळी बसणे झाले. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटले. दीड एकर सेलम हळद. यार्डात सौद्याला दर पडला म्हणून सूनबाईंनी निम्मा माल ठेवून घेतला, दळून पावडर केली, पाव किलोची पाकिटे भरली. वेबसाइट शहरातल्या एका ओळखीच्याकडून ३५ हजार रुपयांत करून घेतली. हे पैसे त्यांनी उसाच्या दुसऱ्या हप्त्यातून दिले होते, आणि घरात त्यावरून बोलणी बसली होती ती निराळीच. सहा महिन्यांत आलेल्या ऑर्डरी किती, तर ९. त्यांतल्या ५ पाहुण्यांच्या.

सूनबाईंचे म्हणणे, "माल कुणाला कळतच नाही." सासऱ्यांचे म्हणणे, "लोकांना यार्डातली हळद हाताने बघून घ्यायची सवय आहे, फोटोवर कोण घेतंय?" दोघांचेही थोडे खरे होते. पण खरे दुखणे तिसरेच निघाले.

उतारा बघा, टनेज नव्हे

वेबसाइटवर किती लोक आले हे मोजायला गूगलचे ॲनालिटिक्स हे साधन फुकट मिळते. त्यांच्याकडे ते बसवलेले होते, पण कुणी उघडून बघितले नव्हते. उघडले तर सहा महिन्यांत ११०० च्या वर माणसे येऊन गेलेली. म्हणजे "माल कळतच नाही" हे काही पूर्ण खरे नव्हते.

आपल्या हिशेबाने सांगायचे तर ११०० टन ऊस गळिताला आला आणि साखर निघाली ९ टन. उतारा एक टक्क्याच्या आत. असा उतारा लागला तर आपण ऊस आणखी आणा म्हणू का? आधी लॅबमध्ये जाऊ. केमिस्टला विचारू, साखर गळतेय कुठे? चोथ्यात राहिली, मळीत गेली, का प्रेसमडमध्ये? दुकानाच्या पानाचेही तेच आहे. जाहिरातीवर पैसे घालण्याआधी गळती शोधायची. बरेच जण इथेच चुकतात. फेसबुकच्या जाहिरातीला पाच हजार घालतात आणि तेवढीच माणसे गळक्या घमेल्यात ओततात.

काटा पहिला : पान उघडायला किती वेळ?

मी माझ्या फोनवर त्यांचे पान उघडले. गोल फिरत राहिले. वहिनींनी चहा आणून ठेवला, तरी फिरतच होते.

यासाठी गूगलचे पेजस्पीड इनसाइट्स नावाचे साधन आहे. पैसे नाहीत, नाव-गाव नोंदवायचे नाही. आपल्या वेबसाइटचा पत्ता घातला की मोबाइलसाठी आणि संगणकासाठी वेगवेगळे गुण देते, शंभरपैकी. ९० च्या वर हिरवा, ५० ते ८९ नारिंगी, त्याखाली तांबडा. त्यांना मोबाइलचे गुण मिळाले १७. गुणांपेक्षा त्याखालचे आकडे महत्त्वाचे. पानावरचा सगळ्यात मोठा भाग, म्हणजे बहुधा मोठा फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसावा. बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा. हे माप २०२४ च्या मार्चपासून धरतात. आणि तिसरे, वाचता वाचता मजकूर खाली-वर सरकू नये. आपण 'घ्या' वर बोट ठेवायला जावे, तेवढ्यात वरून फोटो उतरावा आणि बोट भलत्याच ठिकाणी पडावे, हा अनुभव सगळ्यांना आहे. त्या सरकण्याचेही माप आहे, ते ०.१ च्या आत हवे.

त्यांच्या पहिल्या पानावर ८ फोटो होते. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले, प्रत्येकी ६ एमबीचे. ८ सक्क ४८ एमबी. रानातल्या वस्तीवर सेकंदाला ४ मेगाबिट असा वेग धरला आणि ८ बिटांचा एक बाइट हे लक्षात ठेवले, तर नुसते फोटो उतरायला ९६ सेकंद लागतात. दीड मिनिटाच्या वर! पुण्या-मुंबईतले गिऱ्हाईक लोकलमध्ये उभे राहून पान उघडते. ते दीड मिनिट कशाला थांबेल?

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. स्क्वूश नावाचे साधन गूगलच्या क्रोम विभागातल्या लोकांनी २०१८ साली काढले. पैसे लागत नाहीत आणि आपला फोटो दुसरीकडे कुठे जात नाही, सगळे काम आपल्याच ब्राउझरमध्ये होते. फोटोची रुंदी कमी करायची, वेबपी हा प्रकार निवडायचा, शेजारी जुना-नवा फोटो लावून फरक दिसतो का ते डोळ्यांनी बघायचे. वेबपी हा प्रकार गूगलने २०१० साली आणला. जेपेगपेक्षा साधारण पाव ते तिसरा हिस्सा हलका पडतो. सूनबाईंनी एका संध्याकाळीत आठही फोटो प्रत्येकी दीडशे केबीवर आणले. ८ फोटो मिळून १.२ एमबी. त्याच वेगाने अडीच सेकंदांच्या आत.

फोटो हलके करताना आणखी एक गोष्ट झाली. पहिल्या पानावर आपोआप सरकणारे चित्रपट्टे होते. त्यांत उद्घाटनाचा फोटो, फीत कापतानाचा फोटो, मान्यवरांचा सत्कार. हळद पाचव्या फोटोत! ते काढायला सासरे तयार होईनात. आता आपल्या या अंकाच्याही पहिल्या पानावर मा. चेअरमन साहेबांचा फोटो असतो, त्यात गैर काही नाही. पण या अंकातून कुणी हळद मागवत नाही. शेवटी तडजोड झाली. फीत कापण्याचा फोटो 'आमच्याविषयी' या पानावर गेला आणि पहिल्या पानावर वाफाळलेल्या डाळीत पडणारी चिमूटभर हळद आली. हा फोटो सूनबाईंनी स्वतःच्या मोबाइलवर सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ काढला. आधीच्या आठ फोटोंत मला तोच सगळ्यात चांगला वाटतो.

अक्षरांची गोष्ट

हळदीचे दुकान म्हणून अक्षरे पिवळी, पाठ पांढरी. करणाऱ्याला कल्पना बरी वाटली असेल. पण उन्हात ओट्यावर उभे राहून बघितले तर काही म्हणजे काही दिसत नव्हते.

अक्षर आणि पाठ यांच्यातला उठाव मोजायचे साधन आहे. अमेरिकेत युटा राज्याच्या विद्यापीठातील वेबएम ही संस्था ते फुकट देते. दोन रंग घातले की गुणोत्तर सांगते. सर्वांना वाचता यावे यासाठीचे जे जागतिक दंडक आहेत, त्यांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि ठळक मोठ्या अक्षरांना ३ ला १ लागते. शुद्ध पिवळे अक्षर पांढऱ्यावर १.०७ ला १ पडते, म्हणजे नसल्यासारखेच. तेच उलट केले, पिवळ्या पाठीवर काळे अक्षर, तर १९.५६ ला १. रंग तोच, गंमत बघा. एस.टी.च्या थांब्यावरची पाटी आणि मैलाचा दगड रंगवणाऱ्यांना हे संगणकाच्या आधीपासून माहीत आहे.

बोटाचेही तसेच. 'खरेदी करा' हे बटण गव्हाच्या दाण्याएवढे असून चालत नाही. अँड्रॉइडवाल्यांच्या शिफारशीप्रमाणे ते साधारण ९ मिलिमीटर तरी असावे. आमच्यासारखी खुरप्याने घट्टे पडलेली बोटे धरली तर आणखी थोडे मोठे.

मराठीपुरती एक अडचण मोठी आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाकिटाचे लेबल छापखान्यात झाले. तिथला मजकूर जुन्या पद्धतीच्या टंकात होता, तो तसाच वेबसाइटवर चिकटवला. करणाऱ्याच्या संगणकावर तो टंक होता म्हणून त्याला मराठी दिसले. गिऱ्हाइकाला इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली. मग त्याने मजकुराचा फोटोच काढून लावला. त्याने दिसायला लागले खरे, पण फोटोतली अक्षरे शोधयंत्राला धड वाचता येत नाहीत आणि दृष्टिहीन माणसाच्या फोनला वाचून दाखवता येत नाहीत. मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला हवा. थोडक्यात ओळखायचे कसे? पानावरचा एखादा शब्द बोटाने दाबून निवडता आला, कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकता आला आणि तिथे मराठीच दिसला, तर ठीक.

युनिकोडचे चांगले मराठी टंक आता गूगल फॉन्ट्समध्ये फुकट आहेत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे मुक्त आणि बलू, तसेच नोटो सान्स देवनागरी. टिरो देवनागरी मराठी या टंकात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे मिळतात. हिंदी वळणाचा 'श' बघून माझ्यासारख्या जुन्या माणसाला जरा टोचते. टंक दोनांपेक्षा जास्त घेऊ नयेत. प्रत्येक टंक म्हणजे आणखी ओझे, आणि पान लग्नपत्रिकेसारखे दिसायला लागते.

जाहिरातीची पाने, सवलतीचे फलक यांसाठी कॅनव्हा आहे, बरेचसे फुकट आहे, मुलांना शाळेतच येते. मोठ्या कामाला फिग्मा. ही दोन्ही पान आखायची साधने आहेत. पान आखण्याआधी कोऱ्या वहीवर पेन्सिलीने आखले तरी तितकेच चालते, आणि मी तेच सुचवेन.

शेवटच्या पानावरची गळती

आता मुख्य गोष्ट. ॲनालिटिक्समध्ये दिसले की ११०० पैकी जवळपास ७० जणांनी हळद टोपलीत टाकली होती. पैसे भरले नवांनी. म्हणजे ६० जण काउंटरपर्यंत येऊन माल तिथेच ठेवून गेले!

हे आपल्याकडेच होते असे नाही. कोपनहेगनची बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था अनेक वर्षे यावरच अभ्यास करते. निरनिराळ्या पाहण्यांची त्यांनी काढलेली सरासरी अशी की टोपलीत टाकलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के टोपल्या तशाच सोडल्या जातात. नुसते बघायला आलेले सोडले, तर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी दिलेले पहिले कारण म्हणजे शेवटी वाढलेला खर्च : पाठवणावळ, कर, इतर आकार.

या घरी नेमके तेच होते. पाव किलोचे पाकीट ९० रुपयांना. नाव, पत्ता, पिनकोड, फोन सगळे भरून झाल्यावर शेवटच्या पानावर एकदम १७० रुपये! पाठवणावळ ८० रुपये आधी कुठेच सांगितलेली नव्हती. गिऱ्हाइकाला वाटणारच, हे फसवतात. सूनबाईंच्या मनात फसवायचे नव्हते. करणाऱ्याने तसे पान केले होते आणि यांनी स्वतः शेवटपर्यंत जाऊन कधी ऑर्डर दिलेलीच नव्हती.

हा नुसता गैरसमजाचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न्स'विषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १३ प्रकार नावानिशी दिलेले आहेत. किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणे हा त्यांतला एक. न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू किंवा देणगी टाकणे हा दुसरा. 'फक्त २ पाकिटे शिल्लक' असे खोटेच लिहून घाई लावणे हा तिसरा. शेवटचा प्रकार तयार साच्यांत आपोआप आलेला असतो. यांच्याही पानावर उलटे चालणारे घड्याळ होते. घरात हळदीची पोती रचलेली, आणि पानावर 'घाई करा, साठा संपत आला'! ते काढून टाकले.

उपाय काय केला? पाठवणावळ पहिल्याच पानावर लिहिली. पाव किलोचे एकच पाकीट विकणे बंद केले. चार पाकिटांचा एक किलोचा संच केला, कारण पाकीट एक असो वा चार, कुरिअरचा आकार पुष्कळसा तोच राहतो. आणि २ किलोंच्या वर पाठवणावळ दुकानाची. ती दरात धरली, हे उघड आहे, लपवायचे कारण नाही.

दुसरी गळती खाते उघडण्याची. हळद घ्यायची तर आधी सभासद व्हा, पासवर्ड ठरवा, ईमेलवर आलेला दुवा दाबा. कारखान्याचे सभासद व्हायला नियम आहेत, ते असायलाच हवेत; हळद घ्यायला कशाला? यावर अमेरिकेतले जाणकार जेरेड स्पूल यांनी २००९ साली लिहिलेली हकिगत प्रसिद्ध आहे. एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवर पैसे भरण्याआधी खाते उघडायची सक्ती होती. ते बटण काढून त्या जागी 'पुढे चला' असे बटण आणि 'खाते उघडण्याची गरज नाही' अशी एक ओळ घातली. खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षी विक्री ३० कोटी डॉलरने वाढली, असे स्पूल सांगतात. दुकानाचे नाव त्यांनी सांगितलेले नाही. आपल्याला कोटी डॉलर नकोत, पण वूकॉमर्समध्ये 'पाहुणा म्हणून खरेदी' ही सोय एका खुणेने सुरू होते, ती आम्ही दोन मिनिटांत केली.

पाच माणसे ओसरीवर

आता सांगतो ते साधन सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचे.

जेकब नील्सन या अभ्यासकांनी २००० साली लिहिले की पान वापरून बघायला पाच माणसे बसवली तरी बहुतेक अडचणी, साधारण ८५ टक्के, उघड्या पडतात. पन्नास माणसे लागत नाहीत. तेव्हा आम्ही पाच माणसे जमवली. घरची नव्हेत. पोस्टमन, अंगणवाडीच्या ताई, सूनबाईंची पुण्याहून आलेली मावशी, कॉलेजचा एक पोरगा, आणि चिटबॉय. एकेकाला फोन हातात देऊन एवढेच सांगायचे : "२ किलो हळद पुण्याच्या या पत्त्यावर मागवून दाखवा." आणि मग गप्प बसायचे.

गप्प बसणे फार अवघड जाते हो. सूनबाई तीनदा "अहो, तिथं नाही, खाली" असे बोलून गेल्या. शेवटी त्यांना आत पाठवले आणि मी वही घेऊन बसलो.

मावशींना टोपलीचे चित्र कळले नाही. त्यांना ती हातगाडी वाटली. तसे ते खरेच आहे. ती अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांतली ढकलगाडी. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ती काढली, आणि सुरुवातीला गिऱ्हाइके ती घेईनात म्हणून त्याने पगारी माणसे ठेवून दुकानात गाड्या ढकलत फिरवली असे सांगतात. आपल्याकडे भाजीला माणूस पिशवी घेऊन जातो. म्हणून चित्राखाली 'पिशवीत टाका' अशी अक्षरे घातली. 'चेकआउट' चे 'पैसे भरा' झाले.

पोस्टमन भाऊंनी पत्ता भरताना पिनकोड आधी लिहिला, सवयीने. पान म्हणाले चूक. कुठे चूक, ते सांगेना. तांबड्या अक्षरांत नुसते 'त्रुटी'. आता चूक जिथे असेल त्या रकान्याखालीच मराठीत लिहून येते. चिटबॉयला यूपीआयने पैसे भरायचे होते, पण यूपीआय सर्वांत खाली, कार्डाच्या चार रकान्यांच्या मागे दडलेले. आपल्याकडे २०१६ पासून यूपीआय आले आणि चहाच्या टपरीपर्यंत पोचले. ते वर हवे. पोरगा पटापट शेवटपर्यंत गेला, त्याला काही अडले नाही. त्याच्यासाठी वेबसाइट केलेली होती, असेच म्हणा ना.

ओसरीवर माणसे बसवता येत नसतील तर मायक्रोसॉफ्टचे क्लॅरिटी हे साधन २०२० पासून सर्वांना खुले आहे, फुकट आहे. आलेल्या माणसाने पानावर कुठे बोट लावले, कुठवर खाली गेला, कुठून परतला याची चित्रफीत दिसते. रागाने एकाच जागी पाच-सहा वेळा बोट आपटले तर त्याचीही वेगळी नोंद होते. या घरी लोक पाकिटाच्या फोटोवर बोटे आपटत होते. मागचे लेबल वाचायला तो मोठा करायचा होता आणि तो होत नव्हता. क्लॅरिटी टाइप केलेली नाजूक माहिती झाकते, तरीही असे साधन बसवले आहे हे वेबसाइटवर स्पष्ट लिहावे.

कायद्याने पानावर काय हवे

हे थोडक्यात सांगतो. पाकीटबंद मालाच्या वजनमापे नियमांप्रमाणे १ जानेवारी २०१८ पासून पाकिटावरचा आवश्यक तपशील वेबसाइटवरही लागतो : उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक द्यावा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव हवे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. घरच्या दुकानात हा अधिकारी म्हणजे सूनबाईच. तसे नाव घातले आणि आश्चर्य म्हणजे त्या नावावर विश्वासाने फोन यायला लागले.

मालाचे वर्णन हल्ली मुले कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात. हरकत नाही, पण वाचून बघा. यांच्या पानावर हळदीने अमुक रोग बरा होतो, तमुक आजार जातो असे आले होते. खाद्यपदार्थ विकताना रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. २०१८ चे त्याविषयीचे नियम आहेत. त्याऐवजी हळद कोणत्या रानातली, कधी काढली, कशी शिजवली, कुठे दळली, हे चार ओळींत लिहिले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली. पण ते नाव रीतसर वापरकर्ता म्हणून नोंदणी करूनच लावावे.

लोक कोणते शब्द घालून आपल्यापर्यंत येतात ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसते. यांना वाटत होते लोक 'शुद्ध सेंद्रिय हळद' शोधतात. लोक शोधत होते 'सेलम हळद पावडर १ किलो'. मथळा तसा केला.

सातबारा कुणाच्या नावे?

दुकान कशावर उभारावे, असे सभासद विचारतात. वर्डप्रेस मराठीतही आहे आणि त्यावर वूकॉमर्स हे २०११ साली आलेले जोडसाधन मूळ स्वरूपात फुकट आहे. जागेचे भाडे मात्र द्यावे लागते आणि डागडुजी आपली आपण. शॉपिफाय दरमहा पैसे घेते, डागडुजी त्यांची. कॅनडातल्या ज्या मंडळींनी ते २००६ साली काढले, त्यांना मुळात बर्फावर घसरायच्या फळ्या विकायच्या होत्या आणि बाजारातले एकही तयार साधन पसंत पडेना म्हणून त्यांनी स्वतःचे केले. महिन्याला दहाच्या आत ऑर्डरी असतील तर मी म्हणेन दोन्ही नको. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची यादी लावता येते, तेवढ्यावर एक हंगाम काढा.

पण काहीही घ्या, वेबसाइटचे नाव म्हणजे डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. इथे या कुटुंबाला चांगलाच फटका बसला. डोमेन करणाऱ्याच्या नावावर होते. वर्ष भरले, त्याने नूतनीकरण केले नाही, फोन उचलेना. ऐन दिवाळीच्या आधी आठ दिवस पान बंद. पाकिटावर छापलेला पत्ता उघडला की भलतेच काही तरी दिसायचे. कसेबसे माणसे घालून ते परत मिळवले. जमीन आपण कसतो आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, असे आपण रानाच्या बाबतीत चालू देत नाही. व्हूइज या शोधसोयीत डोमेन कुठे नोंदले आहे आणि मुदत कधी संपते ते कुणालाही बघता येते. मालकाचे नाव बऱ्याचदा झाकलेले असते, म्हणून नोंदणीच्या खात्याचा पासवर्ड आपल्याकडे आहे का, हीच खरी खूण.

कुलपाचे चिन्ह म्हणजे सुरक्षित जोडणीचा दाखला लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतो. त्यासाठी कुणी वर्षाला हजारो रुपये मागितले तर का, ते विचारा. तो नसला तर २०१८ च्या जुलैपासून क्रोम त्या पानाला 'सुरक्षित नाही' असा शेरा मारते, आणि तो शेरा वाचून कोण पैसे भरील?

पुढे काय झाले

दिवाळीनंतरच्या चार महिन्यांत त्यांच्याकडे ९०० च्या आसपास माणसे आली, म्हणजे फार वाढली नाहीत. ऑर्डरी आल्या ३१. उतारा साडेतीन टक्क्यांच्या जवळ गेला. कशाने वाढला, हलक्या फोटोंनी, का पाठवणावळ आधी सांगितल्याने, हे मला छातीठोक सांगता येणार नाही, कारण आम्ही सगळे एकदम केले. मोठी दुकाने निम्म्या लोकांना जुने पान आणि निम्म्यांना नवे दाखवून ताळा करतात. त्यासाठी गूगलचे ऑप्टिमाइझ हे फुकट साधन होते, ते २०२३ च्या सप्टेंबरअखेर बंद झाले. आपल्याकडे माणसेच इतकी थोडी येतात की तसा ताळा काढून विश्वास ठेवता येणार नाही. एका वेळी एकच बदल करावा, वहीत तारीख टाकावी, महिनाभर बघावे, हे बरे. आणि सणाच्या तोंडावर काही बदलू नये.

हळदीचा सगळा माल अजूनही वेबसाइटवर खपत नाही. तीन हिस्से यार्डातच जातात. ३५ हजार फिटायला आणखी एक हंगाम लागेल असा सूनबाईंचा हिशेब आहे. सासरे त्यात मन घालू लागले आहेत. रविवारी संध्याकाळी क्लॅरिटीच्या चित्रफिती तेच बघतात आणि "हा बघ, हा पिशवीपर्यंत आला आणि परत गेला" असे आतल्या खोलीत ओरडून सांगतात. सध्या डोकेदुखी आहे ती माल पोचल्यावर पैसे देणाऱ्यांची. ३१ पैकी ६ पार्सले दारातून परत आली आणि जाण्यायेण्याचे भाडे घरचे गेले. त्यावर आता अशी ऑर्डर आली की पाठवण्याआधी वहिनी स्वतः फोन करतात. पहिला फोन नागपूरला केला, तर पलीकडच्या बाईंनी हळदीबरोबर घरची शेवग्याची पावडर मिळेल का, असे विचारले.